धानभर डावीकडं

डुकराने झिंगूची मांडी फाडली, त्याला आठ दिवस झाले होते. या आठ दिवसांत मुखरू लोहाराच्या भात्याकडे गावातलं एक माणूस फिरकलं नव्हतं.

भाला मुखरूनेच घडवला होता. कळप सोडून एकटाच फिरणारा तो जुना डुक्कर येरमटोल्याच्या धानाच्या बांध्यांत शिरला, तेव्हा दहा-बारा गड्यांनी त्याला नाल्याच्या कोपऱ्यात कोंडलं. झिंगूने पुढे होऊन भाला मारला. भाला खांद्यावर बसला आणि त्याचं टोक भिजल्या वातीसारखं मुडपलं. पुढचं झिंगूची मांडीच सांगत होती. मुखरूला कोणी तोंडावर बोललं नाही. कोणीतरी तो मुडपलेला भाला भात्याच्या खोपटाच्या दारात आणून टाकला आणि निघून गेला. पाणी देण्याआधी लोखंड जरा जास्त निवलं होतं, टोक मऊ राहणार, हे मुखरूला त्याच वेळी कळलं होतं. चालून जाईल म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

कार्तिक होता. प्राणहितेच्या अलीकडच्या त्या लहानशा टोल्यात धान पिवळं होऊन लोंब्यांच्या भाराने वाकलं होतं. रोज सकाळी कोणाची तरी बांधी तुडवलेली, चघळून थुंकलेली सापडायची. लोहाराच्या घराला स्वतःची बांधी नव्हती. खळ्याखळ्यावरून मिळेल तो वाटा, त्यावरच मुखरू, त्याची बायको गुणाबाई आणि म्हातारी आई वर्ष काढायची. धान गावाचं जात होतं, त्यातच त्यांचंही जात होतं.

नवव्या दिवशी दुपारी लटारूभाऊ आला. खांद्यावर कापडात गुंडाळलेली रायफल होती.

लटारू गावातला एकुलता एक फौजी. बर्म्याच्या लढाईत चार वर्षं काढून आलेला. जमीनदारी गेली तेव्हा अहेरीच्या एका दिवाणाने आपली रायफल विकायला काढली, ती लटारूने परवाना काढून घेतली होती. डुकरावर त्याने तीन वेळा नेम धरला आणि तिन्ही वेळा गोळी रिकामी गेली. गाव म्हणायला लागलं, रायफल वाकडी आहे.

"मुखरू," लटारू म्हणाला, "हिची माशी हाललीसं वाटते. पाह्य जरा."

"कोणती माशी, भाऊ?"

लटारूने कापड सोडलं. नळीच्या पार टोकाला लोखंडाचं एक इवलंसं पातं उभं होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं. "हे माशी. अना इकडं माणसाजवळ हे खाच. माशी खाचेत बसवायची अना मंग जनावरावर ठेवायची. यालेच नेम म्हणते."

मुखरूने हात धोतराला पुसले. फाळ, कुऱ्हाडी, विळे, गाडीच्या धावा. आयुष्यभर त्याने हेच लोखंड हाताळलं होतं. हे लोखंड वेगळं होतं. लटारूने मागचा बोल्ट काढला आणि नळी आभाळाकडे धरली. "आतमंधी पाह्य."

मुखरूने डावा डोळा लावला. आत उजेडाची कडी होती, तिच्या आत आणखी एक कडी, आणि भिंतीवरून वळसे घेत गेलेल्या सारख्या अंतराच्या चार नाल्या. कुठे खरवड नाही, कुठे डाग नाही.

"हे कोण्या माणसानं केलं, भाऊ?"

"माणसानंच. त्या वळानं गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते. म्हणून सरळ जाते."

मुखरू बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने माशी तपासली. ती एका आडव्या खोबणीत बसवलेली होती आणि खोबणीच्या कडेला ठोकर लागल्याची खूण होती. "कुठी आपटली होती?"

"गेल्या साली गाडीतून पडली."

"मंग सरकली हाय. दोन ठोके देतो."

लटारूने त्याचं मनगट धरलं. "ठोकू नोको. आधी तिले विचारा लागते."

"कोणाले?"

"रायफलीले. कुठी मारून राह्यली ते पाह्यचं, मंग हात लावाचा."

नाला कोरडा पडला होता. गावापासून अर्ध्या कोसावर त्याचा काठ दोन पुरुष उंच होता. गुणाबाईने अवजारांची पिशवी आणि घरातलं फाटकं सूप आणलं होतं. मुखरूने सूप शेणाने सारवलं, मधोमध चुन्याचा ठिपका दिला आणि काठाला टेकवलं. लटारूने ऐंशी पावलं मोजली, वाळूची गोणी ठेवली आणि तिच्यावर रायफल टेकवून पालथा पडला. काडतुसं नऊ होती. अहेरीत मिळत नव्हती, चांद्याहून आणावी लागत.

तीन आवाज झाले. प्रत्येक आवाजाला नाल्यातले पोपट उठून पलीकडच्या सागांत गेले आणि परत आले.

मुखरू सूप घेऊन आला. एक भोक वरच्या उजव्या काठाला होतं. एक खाली डावीकडे, वेतापाशी. तिसरं सुपात नव्हतंच, ती गोळी काठाच्या मातीत शिरली होती.

लटारूने सूप मांडीवर घेतलं.

"किती सरकवू, भाऊ?" मुखरूने विचारलं.

"फौजेत आमचा उस्ताद सांगे," लटारू हळू म्हणाला, "तीनई गोळ्या एका जागी चुकल्या तं बंदुकीचा दोष. तो सुधरते. तीन जागी चुकल्या तं..." तो थांबला.

"तं?"

"तं माणसाचा." त्याने टोपी काढून वाळूवर ठेवली. "मले माशी दिसत नाई गा, मुखरू. तो डोंगर दिसते. डोंगरावरचं झाड दिसते. डुक्कर तं असा दिसते का केस मोजून घ्यावे. पण हातभर दूरची माशी धूर होऊन जाते. दोन साल झाले. कोणाले सांगितलं नाई."

मुखरू पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला. या माणसाने बर्म्यातल्या एका पुलावर एकट्याने रात्र काढल्याच्या गोष्टी त्याने लहानथोरांबरोबर ऐकल्या होत्या.

"गावात बोलू नोको," लटारू म्हणाला. "परवान्यावर माहं नाव हाय. डोळा गेला म्हणतीन तं रायफल जाईन, अना डुक्कर राहीन." मग मान वर करून म्हणाला, "तू पडून पाह्य."

मुखरूने उजव्या डोळ्याची पापणी बोटाने वर केली. बुबुळावर दुधाळ ठिपका होता. "ठिणगी गेली होती. चार साल झाले."

"डाव्यानं?"

"डाव्या खांद्यावर धरता येईन का मले? काडतुसं सहाच हायेत, भाऊ."

तेंदूच्या सावलीत गुणाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. लटारू तिच्याकडे पाहत राहिला, मग वळून मुखरूला म्हणाला, "तुह्या भात्यावर घन कोण मारते?"

"हेच मारते. दुसरं कोण हाय?"

"मी पाह्यलं हाय. तू हातोडीनं टुक करून जागा दाखवते अना हे बाई तिथीच घन टाकते. शंभर डाव टाकला तरी तिथीच. इकडंतिकडं नाई."

गुणाबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "मी? काई बोलता का, भाऊ! लोकं काय म्हणतीन?"

"लोकं इथी कुठी हायेत, बाई? आपण तिघं हावोत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती त्याच्यासमोर घन उचलत आली होती. आणि तिचा घन कुठे पडतो याचा विचार आपल्याला कधी करावाच लागला नाही, ही गोष्ट त्याला आत्ता पहिल्यांदा जाणवली.

"पाह्य ना करून," तो म्हणाला.

लुगड्याचा कासोटा घट्ट करून गुणाबाई गोणीमागे पालथी पडली. लटारूने तिला रायफलीचा लाकडी दस्ता खांद्याच्या खळगीत लावायला शिकवलं. काडतूस न घालता त्याने नळीवर एक चपटा खडा ठेवला. "आता घोडा दाब. खडा पडला नाई पायजे."

पहिल्यांदा खडा पडला. दुसऱ्यांदाही पडला. "बोटानं झटका नोको देऊ, बाई. लोणी दाबल्यासारखं दाब. अना श्वास? भाता कसा वर येते, अना खाली जायच्या आधी जरासा थांबते? त्या थांब्यात दाबाचं."

खडा राहिला. मग दहा वेळा राहिला.

"भाऊ," तिने गालावरून दस्ता न काढता विचारलं, "खाच, माशी अना ठिपका, तिन्ही एकदम साफ दिसत नाई. एकाकडं पाह्यलं का दुसरं पुसून जाते."

लटारूचा चेहरा उजळला. "जमलं तुले! माणसाचा डोळा एका वेळी एकच गोष्ट साफ पाह्यते. सारे लोकं ठिपक्याले पाह्यते, तिथीच मरते. तू माशीले पाह्य. ठिपक्याले धुरकट राहू दे."

पहिल्या आवाजाला ती "माय वं!" म्हणून मागे सरली. कानावर हात ठेवून तशीच पडून राहिली. मग तिनेच हात पुढे करून दुसरं काडतूस मागितलं. मग तिसरं.

मुखरू सुपापाशी पोचला आणि तिथेच उभा राहिला. ठिपक्याला एकही गोळी लागलेली नव्हती. पण ठिपक्याच्या डावीकडे एक वीत आणि खाली चार बोटं, तीन भोकं शेजारी शेजारी होती. त्याने त्यांच्यावर तळहात ठेवला. तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली गेली. ऐंशी पावलांवरून. सूप तसंच छातीशी धरून तो परत आला.

लटारूने भोकांवर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "हे झालं," तो म्हणाला. "आता लोहाराचं काम."

मुखरूने हातोडीखाली धरायचा पितळेचा तुकडा माशीच्या डाव्या अंगाला लावला. "गोळी डावीकडं जाऊन राह्यली. म्हणजे माशी उजवीकडं."

"नाई. डावीकडं."

"काऊन? आणखी डावीकडं जाईन ना मंग!"

"गोळी डोळ्याचं ऐकत नाई, मुखरू. नळीचं ऐकते. तू माशी डावीकडं नेली, का तिले खाचेत आणाले बाईले नळी उजवीकडं वळवा लागते. जिकडं चूक जाते, माशी तिकडंच न्यायची."

मुखरूला पटेना. त्याने नाल्यातला एक बोरू तोडला, मागच्या टोकाला खाच पाडली, पुढच्या टोकाला डिंकाने काडीचा तुकडा चिकटवला आणि डाव्या डोळ्याने सागाच्या एका खोडावर नेम धरला. मग काडी डावीकडे सरकवून पुन्हा धरला. खाच, काडी, खोड एका ओळीत आली, आणि बोरूचं तोंड त्याच्या हातातच उजवीकडे वळलेलं दिसलं. त्याने पुन्हा केलं. चार वेळा केलं. आयुष्यभर त्याने वाकडं लोखंड उलट्या अंगाने ठोकून सरळ केलं होतं. इथे चुकीच्या मागोमाग जायचं होतं, आणि मागोमाग गेलं की चूक आपोआप घरी येत होती. कोणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं असेल हे? तो बोरू हातात घेऊन वाळूत बसला.

"बरं," तो म्हणाला. "किती?"

लटारूने खाचेपासून माशीपर्यंत काडी मोजून घेतली. तेवढ्या अंतरासारखी अंतरं ऐंशी पावलांत किती बसतात, ते तो वाळूवर रेघा ओढत मोजत गेला. "सव्वाशेच्या आसपास. म्हणजे तिथली वीत, तिचे सव्वाशे वाटे करा लागतीन. त्यातला एक वाटा इथी."

"वितीचे सव्वाशे वाटे कोण करीन, भाऊ?"

गुणाबाई उठून काठावर गेली. वर गावातल्या पोचूची बांधी होती. तिने दोन लोंब्या ओरबाडून आणल्या, वाळूवर वीत टेकवून दोन्ही टोकांना काड्या रोवल्या आणि धानाचे दाणे आडवे, एकाला एक चिकटवून मांडायला लागली. ऊन तिच्या पाठीवर होतं. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. दुसऱ्या काडीला शेवटचा दाणा टेकला तेव्हा म्हणाली, "एकशे अठरा."

तिघंही त्या ओळीकडे पाहत राहिले.

"म्हणजे एक दाणा," मुखरू म्हणाला. "इथी दाण्याच्या जाडीएवढं. तिथी एक वीत."

"अना डुकराच्या छातीत अना जंगलात तेवढाच फरक," लटारू म्हणाला.

मुखरूने सुईने खोबणीवर खूण कोरली. एक दाणा नखावर घेऊन ती जाडी दुसऱ्या खुणेने मांडली. पितळ आता उजव्या अंगाला लावलं आणि सर्वांत हलकी हातोडी घेतली. टुक. काही नाही. टुक. माशी केसभर हालली, ते डोळ्याला दिसलं नाही, बोटाला कळलं. घाम त्याच्या नाकावरून वाळूत पडला. टुक. खूण मिळाली.

आता उंचीचं. गोळी खाली जात होती, म्हणजे माशी कमी करायची, म्हणजे तिची वरची कड कानसीने काढायची. इथे त्याचा हात थांबला. सरकवलेलं परत आणता आलं असतं. कापलेलं परत येत नव्हतं. चार बोटं म्हणजे दाण्याचा तिसरा हिस्सा. झिंगूच्या भाल्याची आठवण हाताच्या शिरांत उभी राहिली. चालून जाईल, असं त्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं होतं.

बारीक कानस घेऊन त्याने एक घास मारला आणि फुंकर घातली. नख लावून पाहिलं. पुन्हा एक. प्रत्येक घासानंतर तो थांबत होता. लटारूला माशी दिसत नव्हती, म्हणून तो मुखरूच्या तोंडाकडे पाहत होता. सावली नाल्याच्या मध्यावर आली तेव्हा मुखरूने कानस खाली ठेवली. "थोडं राखून ठेवलं हाय. आता विचारा तिले."

गुणाबाईने एक काडतूस भरलं. आवाज झाला. या वेळी मुखरू धावला नाही, चालत गेला. भोक ठिपक्याच्या बरोब्बर खाली होतं. ना डावीकडे, ना उजवीकडे. फक्त एक बोट खाली.

"आणखी घासू का?"

"बस्स," लटारू म्हणाला. "एका बोटाचं डुकराले काई वाटणार नाई. दोन काडतुसं राह्यली."

पहाटे ते झिंगूच्या बांधीतल्या राखणीच्या माळ्यावर चढले. खाली धुकं होतं आणि धुक्यात धान मोडल्याचा आवाज येत होता. मचमच, मचमच. मधेच फुर्र करून तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. डुक्कर चाळीस पावलांवर असेल, पण तिथे नुसता काळा ढीग होता.

"दिसून राह्यला," लटारू कुजबुजला. "मले दिसून राह्यला."

"मले माशी दिसत नाई, भाऊ," गुणाबाईने तितक्याच हळू सांगितलं.

"मंग थांब."

थांबणं म्हणजे एकेक लोंबी जाताना ऐकणं होतं. मुखरूने दात आवळले होते. पूर्वेकडे सागांच्या मागे राखाडी फिकट झाली. डुक्कर बांधापर्यंत सरकला. आता तो बांध ओलांडणार, ओलांडला की जंगलात. त्याने नाक वर केलं. मुखरूला ओरडावंसं वाटलं, मार. गुणाबाई हालली नाही. तिच्या पाठीकडे पाहून मुखरूला कळलं, की ती श्वास घेते आहे, सोडते आहे, घेते आहे, आणि मग पाठ थांबली.

आवाजाने माळा हादरला. डुक्कर बांधावरून उडी मारून पळाला. दहा पावलं, पंधरा पावलं. मग पुढचे पाय आपोआप दुमडले आणि तो तोंडावर पाण्याच्या दांडात आदळला. मागचे पाय थोडा वेळ चालत राहिले.

गुणाबाईने गाल दस्त्यावरून उचलला.

"लागलं का?" तिने विचारलं.

"तुले दिसलं नाई?"

"मी डुक्कर पाह्यलंच नाई. माशीच पाहून राह्यली होती."

लटारूने तिच्या हातून रायफल घेतली. गावातून माणसं धावत येताना दिसत होती, आणि कागदावर रायफल त्याची होती. लोक आले. माळ्यावर रायफल घेतलेला लटारू, त्याच्या मागे लोहार आणि लोहाराची बायको. सगळे लटारूला उचलायलाच धावले. नथ्थू पाटलाने तर त्याचे पायच धरले.

दुपारी चिंचेखाली डुकराचे वाटे पडले. झिंगूला बाजेवरून आणून बसवलं होतं. मांडीवर पाला बांधलेला, तोंड पिवळं, पण तो हसत होता. येरमटोल्यात मारणाऱ्याचा वाटा सर्वांत आधी निघे: मागचा एक पाय, अख्खा. नथ्थूने तो पळसाच्या पानांवर ठेवून लटारूसमोर सरकवला.

लटारूने हात लावला नाही.

"हा वाटा माहा नोय," तो म्हणाला.

लोक हसले. फौजी लाजतो आहे, असं त्यांना वाटलं.

लटारू उभा राहिला, पलटणीत उभं राहावं तसा. "मले माशी दिसत नाई. दोन साल झाले. तीन गोळ्या गेल्या, थ्या रायफलीनं नाई, म्या घालवल्या. रायफल मुखरूनं सुधरवली. अना गोळी गुणाबाईनं मारली."

वाटे पाडणाऱ्यांच्या सुऱ्या मांसावरच थांबल्या. मुखरूने खाली पाहिलं. आता कोणीतरी हसेल, नाहीतर रागावेल, असं त्याला वाटत होतं. "लोहाराच्या बायकोनं?" मागून कोणीतरी म्हटलं आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

झिंगूची आई सुगंधाबाई बाजेजवळून उठली. सत्तरीची, कमरेत वाकलेली. तिने तो पाय पळसाच्या पानांसकट उचलला. दोघींनी पुढे होऊन हात लावू पाहिला, तर तिने मान हालवून नाही म्हटलं. थांबत थांबत, वजनाने एका अंगाला झुकत ती बायकांच्या मागे भिंतीशी बसलेल्या गुणाबाईपर्यंत गेली आणि पाय तिच्या पुढ्यात ठेवला. मग तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"दाखव," म्हातारी म्हणाली.

"काय, आजी?"

"बंदूक खांद्याले लागते म्हणते. दाखव."

गुणाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि चोळीची बाही थोडी बाजूला केली. खांद्याच्या खळगीत तळहाताएवढा डाग होता, काळा-जांभळा, कडेला लालसर. सुगंधाबाईने आपला खरबरीत हात त्यावर ठेवला आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली. बायका एकेक करून उठून जवळ येऊ लागल्या. कोणी काही विचारत नव्हतं. नुसत्या पाहत होत्या.

मुखरू पुरुषांच्या रांगेतून तिकडे पाहत होता. शेजारच्या बाजेवरून झिंगूने त्याच्या गुडघ्यावर हात टेकवला, तेही त्याला कळलं नाही.